दहाच्या आत काही दिसणार नाही

दहाच्या आत जाऊन उपयोग नाही, सोफी मावशी म्हणाली,
थंडीत ती मुठी आवळून बसतात.
तरी आम्ही सातलाच निघालो,
कारण अब्रामला सगळीकडे आधी पोचायचं असतं
आणि पोचल्यावर चिडायचं असतं.
पिकअपच्या हौद्यात पोरं, घोंगड्या,
निखाऱ्यावर भाजलेल्या पावांचा डबा
आणि बाबांची खुर्ची, पाय आभाळाकडे.

कामीसक्रून मागे पडलं. ढग होते.
कुंपणाशी उतरलो तर शेत नुसतं हिरवट, मलूल,
अंथरूण काढायचं राहून गेलेल्या खोलीसारखं.
चेसलिन म्हणाली, "हेच?"
कुणी काही बोललं नाही. चहा ओतला.
पोरांनी आंबुशीचे देठ चावले, तोंडं वाकडी केली
आणि आणखी शोधायला गेली.

साडेदहाला डोंगराच्या खांद्यावरून ऊन उतरलं.
पहिलं कुठलं उघडलं, मला सांगता येणार नाही,
मी पावाला लोणी लावत होते.
मान वर केली तर केशरी.
केशरी म्हणजे किती?
मावशी बोलता बोलता थांबली. इतकं.

चेसलिन कडेकडेने पायवाटेवर धावली, आणि ओरडली,
"सगळी पाठमोरी आहेत!"
मग उन्हाकडे पाठ करून वळली
तर अख्खं शेत तिच्याकडे बघत होतं.
ती एकदम लाजली,
शाळेत नाव पुकारल्यासारखी.

दुपारपर्यंत रस्त्याला भाड्याच्या गाड्या लागल्या.
केपटाउनची एक बाई कॅमेरा खाली करून म्हणाली,
"काय भाग्याची जमीन!"
"ही?" बाबा खुर्चीतून म्हणाले.
"ही माझ्या बापाची गव्हाची.
सात वर्षं नांगरली त्यानं.
पाऊस आलाच तर वाट चुकल्यासारखा आला.
मग तो नाबाबीपला गेला, तांब्याच्या खाणीत,
नांगर इथंच कुठंतरी टाकून.
न मोडलेल्या रानात ही एवढी दाटत नाहीत, बाई.
माती उकरून माणूस निघून गेला
की तिथं येतात."

बाई हसली, मग हसायचं नव्हतं की काय
असं तिला वाटलं बहुतेक.
तिने आणखी एक फोटो घेतला, बाबांना वगळून.

अब्राम मात्र उठला.
पँट गुडघ्यापर्यंत दुमडून
बांधाच्या कडेनं फिरत राहिला,
काठीने दगड उलटत, विंचवांना शिव्या देत.
साडेतीनला वारा फिरला,
फुलं एकेक करून मिटायला लागली,
गाड्या गेल्या, आम्ही डबे बंद केले.

तेव्हा तो आला, हातात गंजलेली लोखंडी कमान घेऊन.
काही न बोलता बाबांच्या मांडीवर ठेवली.
बाबांनी ती अंगठ्याने चाचपली,
पुसली, परत चाचपली.
"असू दे," म्हणाले, "तोच."

बादलीची कडी होती ती.
आम्हा सगळ्यांना दिसत होतं.
मावशीने ती घोंगडीत गुंडाळून
पावांच्या डब्याशेजारी
जपून ठेवली.