आकस

उद्यमबागेत माझे वडील पॅटर्न करायचे, सागवानाचे.
पंपाचं घर असो, गिअरचा डबा असो,
आधी लाकडात, मग वाळूत, मग लोखंडात.
त्यांच्या पट्टीवरचा इंच
बाजारातल्या इंचापेक्षा केसभर मोठा होता.
'लोखंड निवताना आकसतं,' म्हणायचे,
'तेवढा आकस आधीच धरायचा.'

मी शहापुरात गेमची यंत्रं दुरुस्त करतो.
जिन्याखालची जागा, एक भिंग, एक सोल्डर,
टेबलावर दोन कंपन्यांची दोन यंत्रं उताणी.
वरून बघाल तर एक पांढरं, कॉलर ताठ केलेलं,
दुसरं काळं, गच्चीवरच्या टाकीसारखं.
स्क्रू काढले की
तोच पंखा, तीच धूळ,
एकाच घराण्यातली चिप,
आणि उबेला येऊन मेलेलं एक झुरळ,
त्याला कंपनी कुठली ते कुणी सांगितलं नव्हतं.

कलमेश आणि भरमा भांडतात माझ्याच स्टुलांवर बसून,
एक कन्नडात, एक मराठीत,
शिव्या सामाईक.
'हातात थरथरणारं आमच्यानं आधी काढलं.'
'थरथर जुनीच. आमच्यानं डिस्कच काढून टाकली बग.'
'म्हंजे पैसे देऊन हातात काय? वारा?'
वाद तापतो, चहा निवतो.
मग कलमेश एकदम थंड होऊन विचारतो,
'होसादेनैती इदराग?'
यात नवं काय आहे?
भरमाला प्रश्न कळतो.
उत्तर त्याला दोन्ही भाषांत येत नाही.

मला आठवतं एक पिवळं कार्ट्रिज,
खडेबाजारातून आणलेलं, वर छापलेलं: ९९९९ खेळ.
मे महिन्यात आम्ही बसून मोजले.
सात होते.
बाकी त्याच सातांचे सोंगाडे:
आकाश जांभळं केलेलं,
माणूस तोच, उडीही तेवढीच,
फक्त सुरुवात तिसऱ्या भिंतीपासून.
अडकलं की आम्ही फुंकायचो.
निपाणीत मावसभाऊ फुंकायचा,
पुढे कळलं, समुद्रापलीकडची पोरंही फुंकत होती.
कुणी कुणाला शिकवलं नव्हतं.
त्या फुंकरीचं पेटंट कुणाकडे आहे?
(फुंकरीनं काही व्हायचं नाही खरं तर,
काढून परत बसवल्यानं व्हायचं.
हे मला आता कळतं. गिऱ्हाइकाला सांगत नाही.)

श्रावणात मच्छेचा लगमाण्णा आला.
डावा अंगठा प्रेसखाली गेलेला, आठ वर्षं झाली.
पिशवीतून लेकीचा कंट्रोलर काढला,
म्हणाला, 'पोरगी एकटीच खेळतीया. काय होतंय का बग.'
दोन्ही कंपन्यांचे कंट्रोलर मी शेजारी ठेवले.
दोन्हीकडे दांडी अंगठ्याखालीच.
इतकी वर्षं भांडून
अंगठा आहे, यावर मात्र त्यांचं एकमत.

मी वायरी लांबवल्या, दांडी बाजूला काढली,
तळव्याखाली बसेल असं लाकूड हवं होतं.
वडिलांना दिलं काम. हात कापतो त्यांचा आता,
पण रंधा धरला की थांबतो.
दोन दिवस लागले, शिव्या बऱ्याच.
याला शोध म्हणायचं की जुगाड,
मी त्या वादात पडत नाही.

दिवाळीला दोघांचीही नवी यंत्रं येणार आहेत,
एकाच आठवड्यात, एकमेकांवर डोळा ठेवून.
भरमानं मोबाइलवर जाहिरात दाखवली.
चौपट वेग, न पाहिलेलं जग.
मी वडिलांची पट्टी लावून वाचली.
आकस दोन्ही अर्थांनी भरपूर होता.

लगमाण्णा परवा परत आला,
लेकीकडून तीनदा हरून, खुशीत.
'लाकूड जरा मोठं झालंय,' म्हणाला, 'केसभर.'
वडिलांनी चष्मा वर केला.
सवयीनं त्यांनी माप कुठल्या पट्टीवर घेतलं होतं
ते आम्हा दोघांनाही एकदमच कळलं.
'असू दे,' म्हणाले,
'निवलं की बसेल.'