पन्हाळीचं काम

हडर्सफील्डच्या कचेरीत तीस वर्षं
जन्म लिहून घेतले, मरणं लिहून घेतली.
निवृत्तीनंतर आता
मधल्यांना शोधते.

आमच्यात नियम आहेत:
मशीनवर निरोप ठेवायचा नाही,
पाकिटावर संस्थेचं नाव नको,
आणि पहिल्या वाक्यात
'मुलगा' म्हणायचं नाही.

नायजेल बूथरॉइड, वय साठ, बसचा ड्रायव्हर.
जन्माच्या दाखल्यावर तो टेरेन्स, सहा आठवडे.
बापाच्या रकान्यात आडवी रेघ,
अशी ओढलेली की कागद किंचित फाटलाय.
आई सापडायला चौदा महिने लागले.
दोन लग्नं, तीन आडनावं,
शेवटी मोरकॅम, समुद्रापासून दुसरी गल्ली.

मंगळवारी फोन लावला.
"मिसेस थ्रेलफॉल? थोडं खासगी आहे.
एप्रिल चौसष्टबद्दल बोलायचं होतं."
पलीकडे टीव्हीवर घोड्यांची शर्यत.
एक पुरुष खोकला.
मग ती, खणखणीत आवाजात:
"हो हो, पन्हाळीचं ना? गळतेय खरी.
गुरुवारी करा. दोननंतर. आधी नको."

मी वहीत लिहिलं: पन्हाळ. गुरुवार. दोन.

दत्तक म्हणजे दिलेला.
आमच्या शब्दात घेणाऱ्याचा हात दिसतच नाही,
नुसती देणारी उभी.
दिलं, की काढून घेतलं,
हे त्या शब्दाला कुणी विचारलं नाही.

गुरुवार, दोन वाजून दहा.
घरात ती एकटी. टीव्ही बंद.
आता सरळ बोलेल म्हणून मी थांबले.
"फार जुनं काम आहे," ती म्हणाली.
"तेव्हा माणसं आली, काढून घेऊन गेली,
पावतीसुद्धा दिली नाही."
साठ वर्षांत तिच्याजवळ
दुसरे शब्द जमलेच नसावेत.
मग मीही तिच्याच भाषेत विचारलं,
"माणूस पाठवू का बघायला?"

इतका वेळ गेला
की केटल उकळून
तिचा खटका पडलेला ऐकू आला.

"कामाला कसा आहे?"
"वेळेचा पक्का. डावखुरा."
"डावखुरा," ती म्हणाली. मला नाही, कुणाला तरी.
मग घाईघाईनं:
"शिडी घेऊन ये म्हणावं.
इथे सगळे पडद्याआडून बघतात.
शिडी असली की कुणी काही विचारत नाही."

अहवालात तीन चौकोन असतात:
होकार, नकार, प्रतिसाद नाही.
तिन्ही कोरे ठेवले.

संध्याकाळी नायजेलला सांगितलं, शब्दाला शब्द.
त्याला उंचीची भीती आहे,
डबलडेकर चालवतो पण वरच्या मजल्यावर
कधी बसलेला नाही.
बराच वेळ नुसता श्वास.
मग नाक ओढून म्हणाला,
"घर दुमजली आहे का?
म्हणजे किती फुटी लागेल?"