चाळीस घागरी

पेटी चार फूट लांब, तीन रुंद, दोन उंच.
ऋजुता नववीत आहे. तिनं दुकानाच्या फळीवर
खडूनं मांडलं : चोवीस घनफूट.
मग एक घागर उचलली, दोऱ्यानं तिचं पोट मोजलं,
व्यास एक फूट,
घनफळ अर्ध्याच्या जरा वर.
"चाळीसांचे एकवीस. बाबा, तीन घनफूट उरतात,
पळ्या नि फुलपात्रंसुद्धा जातील."

बाहेर इद्रीसचा टेम्पो निम्मी तांबट आळी अडवून उभा,
भद्रकालीकडून येणारा जो तो हॉर्न देतोय,
धुळ्याचं गिऱ्हाईक फोनवर.

मी काही बोललो नाही.
पत्रा वळत असताना
मध्येच हात लावू नये, एवढं मला कळतं.
तिनंच भरायला घेतल्या.
तळाला बारा.
त्यावर बारा.
पेटी भरली.

सोळा घागरी ओट्यावर.
ती पेटीकडे बघते, फळीकडे बघते,
सगळं पुसून पुन्हा मांडते
आणि उत्तर पुन्हा तेच येतं,
बरोबर.

"गणित चुकलं नाही गं, घागर गोल आहे.
घागरीला घागर टेकते ती टिकलीएवढी.
आता चौघींच्या मध्ये हात घाल."
तिनं घातला, थेट कोपरापर्यंत.
तिथे होते तिचे उरलेले घनफूट,
तीन नाही, चांगले साडेअकरा,
पण चिंध्या झालेले.

"आणि ऐक, या चाळीसही भट्टीत टाकल्या ना,
तर एकीच्याच पोटात मावतील.
गळ्यापर्यंतसुद्धा यायच्या नाहीत."

ती गप्प.
मग म्हणाली, "म्हणजे आपण विकतो काय?"

तांबं विकतो, बाई, किलोवर.
पोकळी बिलात येत नाही.
ठोके मात्र सगळे तिच्यापायी.

फुलपात्रं घागरींच्या पोटात गेली,
फटींत इगतपुरीकडचा पेंढा.
झाकण ठोकलं.
उरलेल्यांतल्या अकरा पेटीच्या माथ्यावर, दोरखंडानं,
चार केबिनमध्ये, पायांशी.
"आता गिअर कुठे टाकू?" इद्रीस म्हणाला,
आणि गिअर टाकला.

द्वारकेच्या वळणापर्यंत आवाज येत होता.
सोळावी क्लीनरच्या मांडीवर,
आणि तिच्यात त्याचा डबा.