डावी नळी

आंचोन बापाची दुनळी घेऊन आला,
जुन्या चादरीत गुंडाळून.
"डावा चाप ओढला की नुसतं टक् वाजतं."

ऐबारमध्ये या बंदुकीचे सुटे भाग
आता मिळत नाहीत.
कारखाना होता तिथे दातांचा दवाखाना आहे.

उघडून पाहिली.
फायरिंग पिनचं टोक मोडलेलं,
तांदळाच्या कणीएवढं.
मोडल्या जागी गंज,
जुना, मुरलेला,
वीसेक वर्षांचा तरी.

लेथवर पोलादाची सळई धरली.
कानस. तेल. परत कानस.
लाल करून तेलात विझवली,
मग निळसर होईतो हलकेच शेकली.

तो बोलत होता:
"बाप एकच कबुतर पाडायचा.
जोडीतलं दुसरं जाऊ द्यायचा.
गावात हसायचे, नेम गेला म्हणून.
आई म्हणायची, मऊ आहे तो."

नवी पिन बसली.
रिकाम्या काडतुसावर चाप ओढला:
ठण्ण.
आंचोन दचकला.

"किती दिवस मोडकी होती?"
"काय सांगावं," म्हणाले मी,
आणि बोटांवरचा गंज एप्रनला पुसला.

दर रविवारी एउस्ताकियो
माझ्या दारावरून डोंगराकडे जायचा,
खांद्याला हीच बंदूक.
टोपी उचलून रामराम केल्यासारखं करायचा.
आत कधी आला नाही.