बोटभर

पाइप मीच बसवला.
हे रोलिंग मिलच्या रातपाळीवरून येऊन पडायचे,
आणि प्लंबरनं नुसतं बघायचेच दीडशे सांगितले.
मग मुनाफभाईकडून दीड इंची नळी, दोन एल्बो,
सोल्युशनची इवली डबी आणली,
करवत त्याचीच, उसनी.

बसला. थेंब गळेना.
दोन दिवस शेजारणींना बोलवून दाखवला.

तिसऱ्या दिवशी पाणी मोरीत उभं राहिलं.
खरकटं, वर राख, दोन शितं,
उंबऱ्यात अडलेल्या सोयऱ्यासारखं,
ना बसत, ना उठत.
तुंबलं म्हणावं तर तासाभरानं तळ दिसायचा.

सासूबाई म्हणल्या, ‘सोडा टाक अन् कढत पाणी वत.’
कढत पाणी!
कदीम जालन्यात आमच्या गल्लीला दहाव्या दिवशी नळ,
तोही पहाटे तीनला.
ज्याच्यासाठी उशाशी गजर लावून निजते
तेच घरातून हलेना,
अन् त्याला हाकलायला आणखी ओतू?

सायकलची तार घातली.
वाकली, अडखळली,
केसांचा एक झुबका घेऊन आली.
पाणी तसंच.

शेवटी रझियाकडं गेले.
तिचा नवरा फरशी बसवायचा;
तो गेल्यापासून लेव्हलची नळी खुंटीला.
तिनं एक टोक धरलं, मी दुसरं.
निळीचं पाणी दोन्हीकडं डुललं,
थांबलं.
‘बाई,’ रझिया हसली,
‘तेरा पानी तो ऊपर चढ रहा है.’

बोटभर.
बोटभर उलटा उतार,
भिंतीत भोक तिथं सोपं पडलं म्हणून.

मीच चिकटवलेला जोड मीच कापला.
आत करवतीचा पांढरा कीस, कड तशीच खरबरीत,
केस तिथंच धरून बसले होते. खापरानं घासली.
भोक चार बोटं खाली घेतलं,
नळीखाली रझियानं फरशीचा तुकडा सरकवला,
डोळा बारीक करून, नवऱ्यासारखा.

तांब्याभर ओतलं.
गडप.
मोरीनं ढेकर दिला.
दुसरा तांब्या ओतला. खरं सांगते,
तिसराही,
नुसता बघायला.

मग चरकलंच काळजात.
इतकं भराभर?
पळत मागं गेले, तोंडाखाली रंगाची बादली लावली,
लिंबाला होईल.

आत यांनी कूस बदलली.
‘कसला आवाज?’
‘पाणी जातंय,’ म्हटलं.
‘अगं मग थांबव की,’
झोपेतच म्हणाले.