पेन्सिलीची जाडी

खदीर मास्तर भिंतीवरच्या नकाशावर
छडीचं टोक टेकवायचे : हे आपलं सेलू.
टोकाखाली मानवत, परभणी, जिंतूरसुद्धा गडप.
"देश मावला की लघुप्रमाण,
गल्ली दिसली की बृहत्प्रमाण.
उलटं वाटतंय? वाटू द्या."

आता मी मोजणी खात्यात.
टेबलावर गावनकाशा, एकास पाच हजार.
दुधनेचं वळण, पांदण,
बुजलेल्या विहिरीचा अजून निळाच ठिपका.
समोर दोघे भाऊ, बांधावरून
एकमेकांकडे न बघता बसलेले.

माझी रेघ कागदावर केसाएवढी,
रानात उतरली की दोन हात रुंद.
नेमका तेवढ्याचाच वाद आहे.

मी पेन्सिलीला पुन्हा टोक काढते.
मास्तर, तुमच्या छडीखाली
किती बांध होते हो?