पाऊणपट

आजा भरती बोटांवर काढायचा.
तिथीला तिनानं गुण, चारानं भाग :
अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ.
मनगटावर घड्याळ कधीच नव्हतं,
तिथे जाळ्याच्या दोरीनं कापल्याची खूण,
आणि समुद्र मच्छीमार नगरच्या दगडांना
त्यानं सांगितल्या वेळी लागायचा.

बा मात्र लिफ्टमध्ये बसला.
कफ परेड, सव्वीस मजले, एक लाकडी स्टूल,
एकतीस वर्षं.
त्याची भरती-ओहोटी दर तीन मिनिटांनी.

मी कलिन्याला शिकून आले आणि म्हटलं,
बा, उंचावर घड्याळ जरा पुढे पळतं.
वहीच्या पाठकोऱ्या पानावर मांडूनही दाखवलं :
एका सेकंदाचे दहा लाख तुकडे केले
तर त्यातला एक, फार तर दीड,
इतका तू नोकरीपायी जास्त म्हातारा झालास.
तो म्हणाला, ओव्हरटाइम मिळंल का त्याचा?

मग ते निघालं. अठराव्यावरून लिफ्ट सुटली होती,
ब्रेकनं धरली ती पंधराव्यावर.
मी लगेच हिशेब केला. दीड सेकंद.
दीड?
खुळी का काय तू.
ग्लासातला चहा वर आला,
माझ्या नाकासमोर गोळा होऊन राहिला उभा.
स्टूल खाली होतं, पण मी त्याच्यावर नव्हतो.
तुझी आई सातव्या महिन्यात.
मुलगा झाला तर काय, मुलगी झाली तर काय,
दोन्ही नावं ठरवून झाली माझी,
तरी चहा अजून तिथेच.

आई सोडे निवडत होती.
मान वर न करता म्हणाली,
काळ आला होता, वेळ आली नव्हती.

माझ्या पुस्तकात दोघांना मिळून एकच अक्षर आहे.
तिरपं, बारीक.
लांबी-रुंदी-उंचीच्या पंगतीला चौथं बसवलेलं.
तिथे काही सुटत नाही, कुणी काही धरत नाही,
अठरावा मजला, चहाचा गोळा, माझं न ठेवलेलं दुसरं नाव,
सगळं वलांडीवरच्या बोंबलांसारखं
आपापल्या जागी टांगलेलं. फक्त वारा नाही.
हे मी आईला सांगितलं.
ती म्हणाली, वारा नसंल तर वास येईल गं.

यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.
सूत्रं बरोबर आहेत. मी परत तपासली.

आता लिफ्टला माणूस लागत नाही.
बा संध्याकाळचा दगडांवर येऊन बसतो,
आज दुपारीच आला, मी सोबत.
कधी भरेल? मी विचारलं.
अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरला :
पंचमी. पावणेचार.
फोन म्हणत होता तीन बावन्न.
सात मिनिटांचा फरक कुणाच्या खात्यात घालायचा
हे मी ठरवत होते,
तेवढ्यात पाणी बोटांना लागलं.
आम्ही चपला उचलल्या
आणि एक दगड मागे सरकलो.